दोन्ही काडतुसं .३२ ची, मग एक लांब आणि एक आखूड का?

मुक्ता_एरंडवणे

नमस्कार मंडळी. बाबांना जाऊन सव्वा महिना झाला. काल आईबरोबर त्यांचं कपाट आवरायला घेतलं. आतल्या लॉकरमध्ये परवान्याचं पुस्तक, रिव्हॉल्वर आणि काडतुसांचा पुठ्ठ्याचा खोका निघाला. रिव्हॉल्वर घरात आहे हे आम्हाला माहीत होतं. शिरूरकडची शेती ते स्वतः बघायचे, बाजारच्या दिवशी रोख घेऊन रात्री-अपरात्री परत यायचे, म्हणून खूप वर्षांपूर्वी परवाना काढला होता. माझ्या आठवणीत त्यांनी ते एकदाही चालवलेलं नाही. दर दिवाळीच्या आधी वर्तमानपत्र पसरून पुसून ठेवायचे, तेवढंच.

खोका उघडला तर बावीस काडतुसं. सोळा लांबट, सहा आखूड. दोन्हींची जाडी सारखीच दिसते. लांब काडतुसाच्या बुडावर इंग्रजीत 'केएफ' आणि '.३२ एस अँड डब्ल्यू एल' असं आहे. आखडावर फक्त '७.६५'. दादाने शोधून सांगितलं की ७.६५ म्हणजेच .३२. परवान्यावरही .३२ रिव्हॉल्वर अशीच नोंद आहे.

माझा प्रश्न असा: दोन्ही .३२ असतील तर लांबीत एवढा फरक कसा? दोन्ही त्याच रिव्हॉल्वरची आहेत का? बाबा वस्तूंच्या बाबतीत फार काटेकोर होते, स्क्रूसुद्धा मापाप्रमाणे वेगळ्या डब्यांत ठेवायचे. त्यांनी चुकीची काडतुसं आणली असतील हे मनाला पटत नाही. जाणकारांनी सांगावं.

बालेवाडीचा_नेम

मुक्ताताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

सगळ्यात आधी एक विनंती. खोका आहे तसा बंद करून लॉकरमध्ये ठेवा आणि रिव्हॉल्वर अजिबात हाताळू नका. आत काडतूस आहे की नाही हे घरच्या घरी बघायला जाऊ नका.

आता प्रश्नाकडे. ती दोन वेगळी काडतुसं आहेत. लांब आहे ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. १८९६ सालचं, रिव्हॉल्वरसाठी बनवलेलं. आखूड आहे ते बहुतेक .३२ एसीपी. ते जॉन ब्राउनिंगने १८९९ मध्ये पिस्तुलासाठी तयार केलं. युरोपात त्याला ७.६५ ब्राउनिंग म्हणतात. अमेरिकेत कोल्ट कंपनीचं पिस्तूल त्यावर निघालं म्हणून तिकडे नाव पडलं ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल, म्हणजे एसीपी. एकाच काडतुसाला ही दोन नावं, आणि त्यातलं एक नाव शेजारच्या काडतुसाशी जुळतं. घोळ तिथूनच सुरू होतो.

रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बुडाशी रुंद किनार असते. ती सिलिंडरच्या मागच्या बाजूला टेकते, म्हणून काडतूस पुढे घसरत नाही. पिस्तुलात काडतुसं मॅगझिनमध्ये एकावर एक बसतात. तिथे रुंद किनारी एकमेकींत अडकतील, म्हणून ब्राउनिंगने किनार जेमतेम ठेवली. बूड नीट पाहिलंत तर लक्षात येईल, पण आता परत उघडू नका!

मुक्ता_एरंडवणे

धन्यवाद. खोका परत ठेवला आहे, चावी आईकडे. म्हणजे ती सहा या रिव्हॉल्वरची नाहीतच?

बालेवाडीचा_नेम

नाहीत.

निवृत्त_खाकी

ताई, मी पोलीस खात्यात एकतीस वर्षं काढली. काडतुसाचं शास्त्र वरच्यांनी सांगितलंच आहे, मी कायद्याचं सांगतो. परवाना माणसाच्या नावावर असतो. तो गेला की शस्त्र आणि काडतुसं घरात ठेवण्याचा हक्कही संपतो. शस्त्र कायदा १९५९, कलम २१. विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. सव्वा महिना झाला आहे, दुःखाच्या दिवसांत हे समजू शकतं, पण आता थांबू नका. थेट पिशवीत घालून निघू नका. आधी ठाण्यात फोन करा, परवाना क्रमांक सांगा, ते म्हणतील तसं करा. मृत्यूचा दाखला आणि परवान्याचं पुस्तक बरोबर असू द्या. पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

वारसाला पुढे स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो, शस्त्र विकताही येतं. ते नंतर.

आणखी एक. पावतीवर दोन्ही काडतुसं वेगवेगळी लिहून घ्या. नुसतं 'बत्तीसची बावीस' लिहिलं की पुढे कुणी मोजायला बसलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

सुमेधा_कोथरूड

मला राहवत नाही म्हणून लिहिते. शस्त्रांवर अशी उघड चर्चा इथे व्हावी का? शाळकरी मुलंही हे वाचतात.

निवृत्त_खाकी

सुमेधाताई, तुमची काळजी रास्त आहे. पण मी नोकरीत जे अपघात पाहिले ते माहिती असलेल्यांच्या हातून कमी झाले. 'रिकामंच आहे' आणि 'हे पण चालतं' या दोन वाक्यांनी जास्त झाले. मुक्ताताईंनी विचारलं म्हणून खोका बंद झाला. न विचारता कुणी उत्साही भाच्याने 'बघू बसतंय का' म्हणून घालून पाहिलं असतं तर?

सुमेधा_कोथरूड

हे पटलं. मुक्ता, लवकर जमा करून ये गं.

भोसरीचा_फिटर

आमच्या लाइनीतलं उदाहरण देतो. एम८ चा बोल्ट म्हणून सांगितलं तर दुकानदार विचारतो, पिच किती, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर किती? एम८ मध्ये १.२५ पण येतो आणि १ पण येतो. व्यास तोच, डोळ्याला फरक कळत नाही. चुकीचा नट दोन आटे जातो आणि मग चावतो. पोराने पाना लावून ताकद केली की गेले आटे. नंबर अर्धाच सांगितला की असं होतं.

नेमसाहेब, मापं सांगा ना दोन्हींची. व्हर्नियरची भाषा आपल्याला लगेच कळते.

बालेवाडीचा_नेम

फिटरदादा, तुमच्यासाठी खास. आज सकाळी सरावानंतर रेंजवरच दोन रिकाम्या पुंगळ्या प्रशिक्षकांकडून मागून घेतल्या, त्यांच्या टेबलावर व्हर्नियर लावला आणि मोजून परत केल्या. रिकाम्या पुंगळीचाही हिशेब असतो, खिशात घालून आणता येत नाही.

.३२ लाँग: पुंगळीची लांबी २३.४ मिमी, बुडाची किनार ९.५ मिमी.
.३२ एसीपी: लांबी १७.३ मिमी, किनार ९.१ मिमी.

खरी गोम पुढे आहे. किनारीच्या लगेच वर, जिथे पुंगळीचं अंग सुरू होतं, तिथला व्यास दोन्हींचा साधारण ८.६ मिमी. जबडे एकीवर आवळले आणि तसेच दुसरीवर सरकवले, तर हलवावेही लागले नाहीत. म्हणजे आखूड काडतूस लाँगच्या सिलिंडरमध्ये सहज शिरतं. न बसणारं काडतूस कुणी वापरूच शकत नाही, पण हे बसतं, म्हणून माणूस फसतो.

भोसरीचा_फिटर

किनारीत ०.४ चा फरक आणि अंगाला शून्य. अहो, हे तर हाताला कळणारच नाही.

रोहन_वारजे

थोडा असहमत आहे. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल बिनधास्त चालवतात, कंपन्याच तसं सांगतात. म्हणजे आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये चालतं हा नियम झाला ना? मग .३२ एसीपी का नको? मी तर ऐकलंय की उडतं.

बालेवाडीचा_नेम

रोहन, बरं झालं विचारलंस. बहुतेकांची गाडी याच वळणावर घसरते.

.३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम एकाच घराण्यातले. .३८ स्पेशल १८९८ चं. त्यातूनच १९३० च्या दशकात .३५७ निघालं. गोळीचा व्यास तोच, .३५७ इंच. पुंगळी मुद्दाम सुमारे ३.४ मिमी लांब केली, का, तर जादा दाबाचं काडतूस जुन्या .३८ च्या सिलिंडरमध्ये शिरूच नये. .३८ स्पेशलची दाबाची मर्यादा चौरस इंचाला १७,००० पाउंड, .३५७ ची ३५,०००. कमी दाबाचं काडतूस जास्त दाब सोसणाऱ्या शस्त्रात चालतं, उलट चालत नाही. नियम दाबाचा आहे, लांबीचा नाही.

आता .३२ कडे ये. लाँगची मर्यादा १५,०००. एसीपीची २०,५००. म्हणजे इथे आखूड भावंडच जास्त जोरकस! आणि भावंड तरी कसलं, घराणंच वेगळं. .३२ लाँगच्या घराण्यात १८७८ चं आखूड .३२ स्मिथ अँड वेसन, नंतर १९८४ चं .३२ एच अँड आर मॅग्नम आणि त्यापुढचं .३२७ फेडरल मॅग्नम येतात. प्रत्येक वेळी पुंगळी लांबवत नेली आहे. एसीपी त्या वंशावळीत नाहीच.

'उडतं' हे खरं आहे, काही रिव्हॉल्वरमध्ये उडतं. पण किनार अरुंद असल्यामुळे पकड अर्धवट. कधी हातोडीचा ठोका नीट बसत नाही, कधी रिकामी पुंगळी बाहेर निघत नाही. आणि तीस-चाळीस वर्षं जुन्या रिव्हॉल्वरवर मर्यादेपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जादा दाब कशासाठी द्यायचा?

रोहन_वारजे

मानलं. लांबी बघून ठरवत होतो, दाबाचा विचारच केला नव्हता. माझा प्रतिसाद चुकीचा होता, पण खोडत नाही. असाच गैरसमज असलेल्या दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

शंकेखोर

आमच्याकडे सगळे 'बत्तीस बोअर' म्हणतात. बारा बोअरची बंदूक तर चांगली जाड नळीची असते, आणि बत्तीस बोअर त्याहून बारीक. आकडा वाढला की नळी बारीक होते की काय?

माजी_सुभेदार

शंकेखोर, तुमची शंका योग्य ठिकाणी आहे. बोअर हे शॉटगनचं माप. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोल गोळी घ्यायची, एका पाउंडात तशा किती गोळ्या होतात ते मोजायचं. बारा झाल्या तर बारा बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक. रिव्हॉल्वरचं .३२ हे इंचातलं माप आहे, त्याचा या पाउंडाशी संबंध नाही. खरोखर बत्तीस बोअरची नळी असती तर भोक तेरा मिमीच्या वर गेलं असतं. बोलीत 'बत्तीस बोअर' रुळलंय, ते आता बदलणार नाही.

आणि .३२ हे इंचातलं माप तरी कुठे खरं आहे? .३२ इंच म्हणजे ८.१ मिमी. लाँगची गोळी साधारण .३१२ इंच, म्हणजे ७.९. तिकडे ७.६५ म्हणवणाऱ्या काडतुसाची गोळीही ७.६५ नसते, जरा जाडच असते. .३८ तर आणखी मजेशीर, त्याची गोळी .३५७. जुन्या काळी गोळी पुंगळीच्या बाहेरच्या अंगाएवढी जाड असायची. पुढे ती पुंगळीच्या आत बसवली, तेव्हा बारीक झाली. नाव मात्र जुनंच राहिलं. .४४ मॅग्नमची गोळी .४२९. नाव हे नाव असतं, माप वेगळं विचारायचं.

शंकेखोर

म्हणजे सदाशिव पेठेतल्या 'दोन मिनिटांच्या अंतरावर'सारखं!

अपर्णा_औंध

शंकेखोर, हसून हसून चहा सांडला.

माजी_सुभेदार

फौजेतलंही सांगतो. आमच्याकडे ९ मिमी म्हटलं की एकच, ९ बाय १९, लुगरचं. पिस्तूलही त्याच काडतुसाचं आणि कार्बाइनही. त्यामुळे जवानाला प्रश्नच पडत नाही. बाहेर मात्र ९ बाय १७ आहे, ज्याला .३८० म्हणतात. ९ बाय १८ मकारोव्ह आहे, त्याची गोळी तर ९.२७ मिमी, म्हणजे नाव नऊचं आणि अंग त्याहून जाड. पुंगळीच्या लांबीत एकेका मिमीचा फरक, पण हे तिघं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जुन्या वेब्ली रिव्हॉल्वरचं .३८ हे .३८ स्पेशल नव्हे, तेही ध्यानात ठेवा. त्याची पुंगळी आखूड आणि जाड.

९ मिमी आणि .३८ आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. म्हणून परवान्यावर जे मिळतं त्यात .३२ ची गर्दी. कानपूरचं सरकारी रिव्हॉल्वर .३२ लाँगचं आणि ईशापूरचं सरकारी पिस्तूल .३२ एसीपीचं. दोन्ही परवान्यांवर '.३२'. त्यामुळे मुक्ताताईंच्या घरात जे झालं ते पुष्कळ घरांत झालं असणार.

खडकीची_नात

बुडावर 'केएफ' वाचून इथे आले. केएफ म्हणजे कर्की फॅक्टरी, आपली खडकी! १८६९ पासूनचा कारखाना. माझे आजोबा तिथे कामाला होते. त्यांच्या बोटांना एक पितळी वास यायचा, कितीही साबण लावला तरी. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच आजोबांना असा वास येतो. पुंगळी कशी ओढतात ते एकदा त्यांनी मला कणकेच्या गोळ्यावर दाखवलं होतं. पितळेची चकती घ्यायची, ती वाटीसारखी दाबायची, मग ओढत ओढत लांब करत न्यायची, मध्ये मध्ये तापवून मऊ करायची, नाहीतर चिरते. कणकेची वाटी फाटली तेव्हा म्हणाले, 'बघ, तापवायची राहिली.'

मुक्ता, तुझ्या बाबांची ती सोळा काडतुसं आमच्या गल्लीतल्याच कुणाच्या तरी हातून गेली असतील.

मुक्ता_एरंडवणे

किती छान लिहिलंयस. आईला वाचून दाखवलं.

अपर्णा_औंध

थोडं अवांतर, पण संबंधित. माझी लेक बालेवाडीला .२२ पिस्तूल खेळते. तिच्या काडतुसाचं नाव '.२२ लाँग रायफल'. पहिल्या दिवशी मी भांडायलाच गेले होते की पोरीला रायफलचं काडतूस का देताय! सरांनी शांतपणे समजावलं की ते फक्त नाव आहे, १८८७ पासूनचं, पिस्तुलातही तेच चालतं. पण .२२ मॅग्नम वेगळं. त्याचं अंग जरा जाड असतं, म्हणून लाँग रायफल त्याच्या चेंबरमध्ये सैल बसतं आणि पुंगळी फाटू शकते. दोन्हीवर .२२ लिहिलेलं.

बालेवाडीचा_नेम

अपर्णाताई, .२२ मध्ये अजून एक 'शॉर्ट' आहे, १८५७ चं. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये २००४ पर्यंत तेच चालायचं, धक्का अगदी कमी. पुढच्या वर्षापासून नियम बदलला आणि लाँग रायफल आलं. जुन्या नेमबाजांची पिस्तुलं एका रात्रीत निरुपयोगी झाली, कारण सगळी यंत्रणा त्या आखूड काडतुसाभोवती बांधलेली.

मी स्वतः सेंटर फायर पिस्तूल हा नेमबाजीचा प्रकार खेळतो, तिथे हेच .३२ लाँग. जसपाल राणाने १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. फरक इतकाच की आमची गोळी टोकदार नसते, पुढून सपाट असते आणि पुंगळीच्या तोंडाशी समतल बसते. बघणाऱ्याला वाटतं गोळी लावायची राहिली. पण कागदावर भोक असं पडतं की पंच मशीनने पाडल्यासारखं गोल, काठ न फाटलेला. दहाच्या रेषेला स्पर्श झाला की नाही यावर वाद होत नाही. वेगवान फेरीत निशाण तीन सेकंदच दिसतं. तेवढ्यात हात वर आणायचा, नेम धरायचा, चाप दाबायचा. धक्का कमी असलेलं हे जुनं काडतूस तिथे अजून राज्य करतंय. सव्वाशे वर्षांपूर्वी ते बनवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

भोसरीचा_फिटर

समतल बसणारी गोळी एकदा बघायला यायचंय रेंजवर. व्हर्नियर माझा आणतो.

मुक्ता_एरंडवणे

सगळ्यांना कळवायचं होतं, काल काम झालं.

निवृत्त_खाकी काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी फोन केला. दोघे जण घरीच आले, त्यातले एक अनुभवी हवालदार. त्यांनी रिव्हॉल्वर भिंतीकडे तोंड करून धरलं, सिलिंडर उघडलं. रिकामं होतं. आईने तेव्हा कुठे श्वास सोडला.

मग काडतुसं मोजली. यादीत ते '.३२ – २२ नग' लिहायला लागले तेव्हा मी थांबवलं. 'काका, सोळा .३२ स्मिथ अँड वेसन लाँग आणि सहा ७.६५ मिमी, असं वेगळं लिहाल का?' त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, दोन्ही तळहातावर शेजारी-शेजारी उभी केली, बुडं वाचली आणि म्हणाले, 'बरोबर आहे ताई.' पावतीवर तसंच आलं आहे.

ती सहा कुठून आली, हेही विचारलं. आईला आठवलं. माझ्या नानामामांकडे पिस्तूल होतं. ते आजारी पडले तेव्हा त्यांनी ते विक्रेत्याला देऊन टाकलं, बाबा मदतीला गेले होते. शिल्लक राहिलेली काडतुसं तेव्हाच जमा व्हायला हवी होती, ती आमच्याकडे राहून गेली. आईने तसा जबाब लिहून दिला. चूक ती चूकच, आईने लपवली नाही.

हवालदारांनी खोका पूर्ण रिकामा केला तेव्हा पुठ्ठ्याच्या तळाशी घडी घातलेला कागद निघाला. बाबांचं अक्षर, निळी शाई.

'आखूड सहा नानांची, पिस्तुलाची. यात बसतात, पण वापरू नयेत.'

कागद यादीत नव्हता, म्हणून त्यांनी तो मला दिला. आता स्क्रूच्या डब्यांशेजारी ठेवला आहे.